नको म्हणायची जागा

माझ्या आत्याला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं.

हे नीट कळायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, म्हणून तुम्हालाही जरा वेळ देते. तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात आणि तिने सरळ तुमच्याकडे पाहिलं, तर चेहऱ्याच्या जागी तिला राखाडी डाग दिसतो, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. पण तुमचे कान, खांद्यावरची बॅग, मागच्या खुंटीवरची छत्री, हे बऱ्यापैकी दिसतं. म्हणून बोलताना ती तुमच्या कानापलीकडे बघते, म्हणजे तुमचा चेहरा तिच्या नजरेच्या कडेला येतो. नवीन माणूस हमखास मागे वळून पाहतो, कोण आलंय म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की बहुतेक वाढणार नाही, पण गेलंय ते परत येणार नाही.

आणि अशा डोळ्यांनी आत्या नोकरी करते. म्हणजे करत होती. थांबा, क्रमाने सांगते.

न्यायालयात लोक साक्षी देतात, त्यांचं रेकॉर्डिंग होतं. ते एका ऑफिसात येतं आणि ऑफिस ते आत्याला पाठवतं. आत्या पहाटे साडेपाचला बसते. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो. ती ऐकते आणि टाइप करते, आणि अकराच्या आत सगळं टाइप होऊन परत गेलेलं असतं. कळफलकाकडे बघायची तिला वीस वर्षांत गरज पडलेली नाही. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी कौतुकाने म्हटलं, "तुमच्या बोटांना जणू डोळेच आहेत." आत्या म्हणाली, "डोळे नाहीत हो, सवय आहे." कोण खरं बोलतंय हेसुद्धा तिला कळतं. खोटं बोलणारा वाक्याच्या आधी श्वास घेतो आणि खरं बोलणाऱ्याला वाक्याच्या मधेच दम लागतो, असं तिचं म्हणणं. घरात मी हे वापरून पाहिलं. पकडली गेले.

डोळ्यांचं ऑफिसला माहीत नव्हतं. "चूक नाही, उशीर नाही, मग सांगायचं काय?" असं आत्या म्हणायची. आणि एकदा, कधी नव्हे ते गंभीर होऊन, म्हणाली होती, "हे बघ, मला दुसऱ्याच्या हाताने काम करायचं नाही. ज्या दिवशी शेजारी कोणाला बसवावं लागेल, त्या दिवशी ते काम माझं राहिलं नाही."

तर तिला शेजारी कोणी का लागत नव्हतं, ते तिच्या कॉम्प्युटरमुळे. जुना, जाडजूड, मांजरासारखा घुरघुरणारा. त्याच्या चौकटीवर आत्याने शर्टाची बटणं चिकटवली होती, खरीखुरी, शिवणाच्या डब्यातली. खाली डाव्या कोपऱ्यात कोटाचं मोठं काळं बटण: इथून सगळं सुरू होतं. वर उजव्या कोपऱ्यात छोटं पांढरं: इथे खिडकी बंद होते. उजव्या कडेला ओळीने चार तपकिरी: पान वरखाली सरकवायची पट्टी इथे. बोटाने बटण चाचपायचं आणि माउस त्या दिशेला भिरकावायचा. कोपरा म्हणजे भिंतच, माउस त्याच्यापलीकडे जाऊ शकत नाही. मग टिचकी. बघायची गरजच नाही. आणि जी खिडकी चालू असेल तिच्या डोक्यावर जाड निळी पट्टी असायची. ती पट्टी आत्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायची. निळं दिसलं की टाइप करायचं, नाही दिसलं की नाही.

तुम्ही म्हणाल, बोलून दाखवणारे प्रोग्राम असतात की. आहे, तिच्याकडेही आहे. पण काम करताना कानात साक्षीदार असतो. साक्षीदार आणि प्रोग्राम एकदम बोलायला लागले की भाजी मंडई होते. म्हणून तो ती शेवटीच लावायची, लिहिलेलं सगळं एकदा ऐकून बघायला.

आता माझी एंट्री.

मी नववीत. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. मग या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात प्रोजेक्टर बंद पडला. आठशे मुलं, पाहुणे, मुख्याध्यापिका, सगळे माना वर करून पांढऱ्या पडद्याकडे बघत होते, आणि मला एकटीला दिसत होतं की केबल अर्धवट आहे. कशी उठले माहीत नाही. गेले, केबल ढकलली, चित्र आलं, टाळ्या पडल्या, आणि मी माइकवर "चालू झालंय" असं म्हणाले. बस, त्या एका वाक्यानंतर मी बदलले. शिक्षकांच्या खोलीतून मला बोलावणी यायला लागली. बाबा मला इंजिनीअरबाई म्हणायला लागले, अर्धं चिडवत, अर्धं खरं.

आत्याच्या कॉम्प्युटरवर रोज एक चौकोन यायचा. नवीन आवृत्ती तयार आहे, अधिक सुंदर, अधिक सोपी. खाली दोन बटणं: "आत्ता" आणि "नंतर". आत्या आठ महिने "नंतर"वर टिचकी मारत होती. डावीकडचं, तिला जागा पाठ होती.

"अगं, एकदा होऊन जाऊ दे ना," मी म्हटलं. रविवार होता, ती बाहेर कपडे वाळत घालत होती. "किती दिवस टाळणार? नवीन म्हणजे चांगलंच असणार."

"चाललंय ते चालू दे."

"आत्या, मी आहे ना."

ती काही बोलली नाही. दोन्ही हातांत ओली चादर होती आणि तोंडात चिमटा. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. आत गेले आणि "आत्ता" दाबलं.

एक तास आणि दहा मिनिटं लागली. पडद्यावर गोल फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, "तुमच्यासाठी सगळं सज्ज करत आहोत." मी खुर्चीत झुलत होते, राणीसारखी.

सोमवारी पहाटे मला जाग आली ती बँडच्या आवाजाने. आत्याच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने गाडीची जाहिरात करत होतं. धावत गेले. आत्या खुर्चीत सरळ बसली होती, एक हात कोटाच्या काळ्या बटणावर.

"मी कोपऱ्यात दाबलं," ती म्हणाली, "आणि हा माणूस आला."

कोपऱ्यात आता हवामान, बातम्या आणि जाहिराती होत्या. जिथून सगळं सुरू व्हायचं ते चिन्ह सरकून मध्ये आलं होतं. सगळंच मध्ये आलं होतं. एका रांगेत, गोल गोल, एकसारखी, फिकट. बरोब्बर आत्याच्या डागात.

"कुठे गेलं?"

"मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे किती मध्ये?"

ते मला सांगता येईना. कारण जितके प्रोग्राम उघडावेत तितकी ती रांग लांब होत होती आणि पहिलं चिन्ह डावीकडे सरकत होतं. त्याला ठरलेली जागाच नव्हती. आणि कडेची पट्टी म्हणाल, तर ती केसाएवढी बारीक, शिवाय माउस जवळ नेल्याशिवाय दिसायचीही नाही. म्हणजे कुठे न्यायचा ते दिसण्यासाठी आधी तिथे न्यायचा. चार तपकिरी बटणं चौकटीवर उगाच उभी होती, उठून गेलेल्या दुकानाच्या पाटीसारखी.

निळी पट्टीही गेली होती. चालू खिडकी पांढरी, बंद खिडकी पांढरी, मागची भिंत पांढरी.

चहाच्या वेळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी आधी नीट ऐकून घेतलं, मग कप खाली ठेवला.

"म्हणजे रात्री झोपताना तळमजल्याचं बटण खाली होतं आणि सकाळी ते मध्ये गेलं?"

"हो."

"आणि दार उघडायचं बटण, हात जवळ नेला तरच दिसतं?"

"हो, बाबा."

"मी अशी लिफ्ट बसवली तर लोक मला तिच्यातच कोंडतील."

"बाळ्या, तुला कोंडायला लोक लागत नाहीत," आत्या म्हणाली. "मागच्या महिन्यात तू आपणहून अडकला होतास." बाबा हसले, मीही हसले. आत्या चेष्टा करतेय म्हणजे माफ केलंय, असं मला वाटलं. तिने माफ केलं होतंही. पण त्याने निळी पट्टी परत येणार नव्हती.

मी इंजिनीअरबाई. आत्याने ऑफिसकडून काही दिवस सुट्टी घेतली आणि मी कामाला लागले. आठवडाभर शाळेतून आल्यावर दप्तर फेकायचे आणि बसायचे. सेटिंगचं पान उघडलं. त्यात एक गोष्ट सापडायची, तर दुसरीसाठी "आणखी सेटिंग" म्हणायचं, आणि तिथे गेलं की जुन्या काळचं करड्या रंगाचं पान उघडायचं, नव्या घराच्या भिंतीमागे जुनं घर तसंच उभं असल्यासारखं. तिथे लिहिलेलं असायचं, "हे आता दुसरीकडे हलवले आहे." दुसरीकडे गेलं की पुन्हा पहिलं पान. मी त्यातून तीन वेळा गोल फिरले. चौथ्यांदा रडू यायला लागलं, पण आत्या शेजारी होती आणि तिला श्वास कळतो, म्हणून गिळलं.

जुन्या आवृत्तीवर परत जायची सोयही होती. दहा दिवसांच्या आत. आमचा सहावा दिवस होता. मी उड्या मारत बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, "तुम्ही का जात आहात?" आणि कारणांची यादी दिली. मी कारण निवडलं. मग त्याने सांगितलं की जागा मोकळी करण्यासाठी जुन्या फाइली काढून टाकल्या आहेत, परत जाता येणार नाही. मग कारण कशाला विचारलं, हे मी अजून विचारतेय.

शेवटी मदत केंद्राला फोन. एकवीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक मुलगा आला, अगदी गोड आवाजाचा. मी बोलणार होते पण आत्याने फोन मागून घेतला. माझं काम आहे, मी बोलते, म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, स्क्रीनच्या मध्यभागी तुम्हाला काय दिसतंय?"

"मध्यभागी मला काही दिसत नाही."

"म्हणजे स्क्रीन काळी आहे का?"

"नाही, स्क्रीन ठीक आहे. मला मध्ये दिसत नाही. कडेला दिसतं."

"कडेला काय दिसतंय?"

"कडेला तुम्ही काही ठेवलंच नाही."

पलीकडे कळफलक वाजला. मग म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा." आत्याने त्याला धन्यवाद दिले. पोरगा बिचारा, म्हणाली. त्याला वाक्याच्या मधेच दम लागत होता म्हणे, खरंच मदत करायची होती त्याला.

पण मी सोडलं नाही. आठव्या दिवशी, एका अनोळखी माणसाने नेटवर कुठेतरी लिहून ठेवलेल्या तीन ओळींवरून, मला ती दोन सेटिंगं सापडली. चिन्हं डावीकडे लावता आली. आणि चालू खिडकीच्या डोक्यावर रंग देता आला. निळा. थोडा फिका आणि बारीक, पण निळा.

आत्याने कोटाचं बटण चाचपलं, माउस भिरकावला, टिचकी मारली. उघडलं. तिने पुन्हा मारली, बंद केलं. पुन्हा उघडलं. नुसतीच सात-आठ वेळा.

"पास," ती म्हणाली.

मी तिच्या खोलीत नाचले. खरंच नाचले, खुर्चीभोवती. ती म्हणाली, "दिसत नाहीये मला, पण चांगलं नसणार." पुढचे बारा दिवस सगळं ठीक होतं. कडेची बारीक पट्टी सरकवायला तिला वेळ लागायचा, म्हणून ती पाचला बसायची, पण अकराच्या आत काम जायचं. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

तेराव्या दिवशी माझी गणिताची चाचणी होती. मी लवकर गेले.

त्या दिवशी काय झालं ते आत्याने नंतर सांगितलं, एका सुरात, साक्षीसारखं. पहाटे कॉम्प्युटर उशिरा सुरू झाला, गोल फिरत होतं. छोटी सुधारणा, त्यासाठी तो विचारतही नाही. मग सुरू झाला. कोपऱ्यात टिचकी मारली तर उघडलं, म्हणजे डावीकडचं टिकलं होतं, म्हणून उशीर झाल्याच्या घाईत निळं आहे का ते तिने पाहिलं नाही. तिने साक्ष लावली. एक म्हातारे गृहस्थ होते, आपल्या मुलाविरुद्ध बोलत होते, फार हळू, मधे मधे थांबत. आत्याने पहिलं पान टाइप केलं. मग मधेच ऑफिसचा एक निरोप येऊन गेला, टुण्ण आवाज झाला, तिने लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्यांचा आवाज कापत होता, एकही शब्द सुटू नये म्हणून ती पडद्याकडे नाही, आवाजाकडे बघत होती. चार तास.

दहा वाजून वीस मिनिटांनी तिने बोलणारा प्रोग्राम लावला, लिहिलेलं ऐकायला. त्याने पहिलं पान वाचलं. आणि थांबला.

तिला वाटलं अडकला. पुन्हा लावला. पहिलं पान. थांबला.

निळी पट्टी त्या छोट्या सुधारणेत पुसली गेली होती. टुण्ण आवाज झाला तेव्हा शोधायची खिडकी आपणहून पुढे आली, आणि पुढची दहा पानं आत्या त्या शोधायच्या एका ओळीत टाइप करत होती. ती ओळ काही साठवत नाही. एका मर्यादेपलीकडे घेतही नाही. म्हाताऱ्यांची सगळी साक्ष तिने हवेत टाइप केली होती.

तिने पुन्हा सुरुवात केली. अकरा वाजले. साडेअकराला ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या आत्याला वर्षानुवर्षं काम देतात, कधी समोरासमोर भेटलेल्या नाहीत.

"ताई, तब्येत बरी आहे ना? तुमचं कधी असं होत नाही."

आत्या तिथे काहीही सांगू शकली असती. वीज गेली, नेट गेलं. तिला खोट्याचा श्वास माहीत आहे, तिला जमलं असतं. पण म्हाताऱ्यांचा आवाज अजून कानात होता म्हणे. तिने खरं सांगितलं.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार चांगल्या वागल्या. "अहो ताई, तुम्ही इतकी वर्षं असं केलंत? कमाल आहे तुमची." मग म्हणाल्या, "साक्षींचं आता नको. घाई असते, जोखीम असते. मी तुम्हाला दुसरं काम देते, सोसायट्यांच्या सभा वगैरे. संध्याकाळपर्यंत पाठवलं तरी चालेल. घरात कोणी मदतीला आहे ना?"

मी साडेचारला घरी आले, चाचणी छान गेली हे सांगत सांगत. आत्याच्या खोलीचं दार उघडं होतं. ती टेबलाशी बसून चौकटीवरचं बटण नखाने काढत होती. चार तपकिरी आधीच काढून झाली होती, शिवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवलेली, मागे जुन्या गोंदाचे पिवळे ठिपके.

"ये," ती म्हणाली. "घरात मदतीला कोणी आहे का असं विचारलंय त्यांनी."

मला काही बोलता येईना. मी आठशे माणसांसमोर माइकवर बोललेली मुलगी. ती निळी पट्टी मी परत आणली, पुन्हा लावली, त्याच संध्याकाळी लावली. पण ती उद्या असेल का, हे मी सांगू शकत नव्हते. ज्यांनी ती नवी आवृत्ती केली, तेही सांगू शकत नव्हते. बाबा दारात उभे होते, हातात पाना, काही घट्ट करायचं असेल तर ते तयार होते. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, वरून, मागून, मग पाना खिशात घातला.

"जुना कुठे मिळत असेल तर बघू," ते म्हणाले.

"ऑफिसची फाइल जुन्यावर उघडत नाही आता," मी म्हटलं. तेही मी शोधून ठेवलं होतं.

आता आत्या पहाटे उठते, सवय आहे म्हणून, आणि चहा घेऊन बसून राहते. माझ्या शाळा सुटायच्या घंटेची वेळ तिला पाठ झाली आहे. मी पावणेपाचला खुर्ची ओढून तिच्या उजवीकडे बसते. माउस आता माझ्या बाजूला असतो. मी फाइल उघडते, कर्सर लावते आणि "हं" म्हणते. तेवढंच माझं काम, एक हं. मग ती टाइप करते. पार्किंगच्या जागेवरून भांडणारी माणसं, पाण्याच्या टाकीवरून भांडणारी माणसं. सगळेच वाक्याच्या आधी श्वास घेतात, ती म्हणते. मला हसवायला. बोटं तशीच धावतात, पावसासारखी, पण दर दोन-चार मिनिटांनी थांबतात आणि ती विचारते, "त्यातच आहे ना?" मी म्हणते, "त्यातच आहे."

परवा मधेच ती थांबली. टुण्ण वाजलं होतं.

"काय म्हणतोय?"

मी वाचलं. नवीन आवृत्ती तयार आहे. अधिक सुंदर, अधिक सोपी.

"विचारतोय, आत्ता की नंतर."

"नको म्हणायला जागा आहे का?"

मला माहीत होतं, तरी मी नीट शोधलं. चारही कोपरे पाहिले, कडा पाहिल्या, मधलंही पाहिलं.

"नाही, आत्या."

तिने हेडफोन परत कानावर ओढले. "मग नंतर म्हण," ती म्हणाली, "आणि मला कर्सर लावून दे."

मी डावीकडच्या बटणावर टिचकी मारायला गेले. त्यांनी जागा बदलली होती, "नंतर" आता उजवीकडे होतं. वेळेत लक्षात आलं. मी तिला सांगितलं नाही.

"हं," मी म्हटलं.